छत्तीस मिनिटे आधीच पुढे

जानेवारीच्या मध्यावर महाडला सूर्य उगवतो तेव्हा घड्याळात सात वाजून दहा मिनिटे झालेली असतात. पंचांगातला हा उदय सपाट क्षितिज धरून काढलेला. पोलादपूरच्या पूर्वेला प्रतापगड-महाबळेश्वरच्या डोंगरांची भिंत उभी आहे, त्यामुळे पायथ्याच्या वाड्यांत प्रत्यक्ष ऊन पडायला आणखी पंधरा-वीस मिनिटे जातात; खोऱ्यात खोल असलेल्या घरांना त्याहूनही जास्त. एमआयडीसीतल्या सातच्या पाळीला जाणारा कामगार आणि पहिली एसटी पकडणारी कॉलेजची मुलगी, दोघेही थंडीत अंधारातच उंबरा ओलांडतात. घड्याळ तासभर पुढे करावे का, या वादाचा आढावा इथे बसून घेताना ही सकाळ हिशेबात धरावी लागते.

भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखांशावरून ठरते. महाड साधारण ७३ अंश २५ मिनिटांवर, म्हणजे प्रमाण रेखांशाच्या नऊ अंशांहून थोडे अधिक पश्चिमेला. एका रेखांशाला चार मिनिटे या हिशेबाने महाडचा सूर्य घड्याळाच्या मागे सरासरी छत्तीस मिनिटे चालतो. भर दुपार बाराला न होता बारा छत्तीसच्या आसपास होते. पोलादपूर थोडे पूर्वेला असल्याने तिथे काही सेकंदांचा फरक, तो सोडून देऊ. डेलाइट सेव्हिंग म्हणजे घड्याळ सूर्याच्या पुढे ढकलणे. तेव्हा निव्वळ गणिताने पाहिले, तर कोकणात अर्ध्या तासाहून अधिक डेलाइट सेव्हिंग बारा महिने चालूच आहे. त्याला ते नाव कोणी दिले नाही, इतकेच.

मुंबई टाइमचा झगडा

ही छत्तीस मिनिटे सहजासहजी स्वीकारली गेली नव्हती. एकोणिसाव्या शतकात गावोगाव आपापली स्थानिक वेळ होती. रेल्वे आणि तारखाते मद्रास टाइमवर चालत. १८८१ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या सरकारने मुंबईच्या सरकारी कचेऱ्यांना मद्रास टाइम लावला, तेव्हा शहरात नाराजी उसळली. राजाबाई टॉवरच्या घड्याळाने कोणती वेळ दाखवायची, यावर विद्यापीठ आणि सरकार यांच्यात जुंपली. १८८३ मध्ये सरकारने माघार घेतली.

दुसरी फेरी अधिक मोठी झाली. १ जानेवारी १९०६ पासून ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या चार तास एकावन्न मिनिटे पुढे होती. म्हणजे शहराला एका रात्रीत एकोणचाळीस मिनिटे पुढे जायचे होते. त्याच महिन्यात जेकब ससून गिरणीच्या कामगारांनी काम सोडून गिरणीच्या घड्याळावर दगड टाकले. वंगभंगानंतरचे ते दिवस. सरकारच्या कुठल्याही नव्या हुकमाकडे संशयाने पाहिले जात होते. पण त्या दगडांमागे राजकारणाइतकीच अंथरुणातून एकोणचाळीस मिनिटे आधी उठण्याची सक्ती होती. गिरण्यांत विजेचे दिवे आल्यापासून कामाचा दिवस आधीच लांबत चालला होता, त्यात ही भर पडली. कोकणातून, त्यात तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातून आणि रत्नागिरीतून गेलेले चाकरमानी या गिरण्यांत हजारोंनी होते. तेव्हा महाड-पोलादपूरच्या खोऱ्यांतली माणसे या वादात केवळ प्रेक्षक होती, असे म्हणता येत नाही.

मुंबई महापालिकेने त्याच वर्षी ठराव करून आपली घड्याळे पुन्हा मुंबई टाइमवर आणली. मग कित्येक वर्षे एकाच शहरात दोन वेळा नांदल्या: रेल्वे, तार आणि सरकार स्टँडर्ड टाइमवर, महापालिका, अनेक पेढ्या आणि पारशांच्या अग्याऱ्या मुंबई टाइमवर. हा दुहेरी कारभार १९५०च्या दशकापर्यंत रेंगाळला. कलकत्त्याची स्वतंत्र वेळही १९४८ पर्यंत टिकून होती.

महाडला तोवर रेल्वेच नव्हती. सावित्रीच्या खाडीतून येणारी गलबते आणि बोटी भरती-ओहोटीच्या वेळा पाळत. डिसेंबर १९२७च्या सत्याग्रह परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईहून बोटीनेच दासगावला उतरून महाडला आले होते. कोकण रेल्वेचा रोहा-वीर टप्पा सुरू झाला तो १९९३ मध्ये. म्हणजे ज्या रेल्वेच्या सोयीसाठी देशाला एक वेळ दिली गेली, ती तालुक्यात पोचायला त्यानंतर सत्त्याऐंशी वर्षे लागली. तोवर रेडिओ, कचेरी आणि एसटी यांनी प्रमाणवेळ घराघरांत रुजवून टाकली होती.

खऱ्या अर्थाने डेलाइट सेव्हिंग भारताने पाहिलेही आहे. दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत प्रमाणवेळ तासभर पुढे होती. ग्रिनिचच्या साडेसहा तास पुढे. त्या जानेवाऱ्यांत महाडला घड्याळात सव्वाआठच्या सुमारास सूर्य उगवत असला पाहिजे. युद्ध संपले तशी ती वेळही संपली.

मूळ कल्पना कोणत्या आकाशाखाली सुचली

न्यूझीलंडचे जॉर्ज हडसन यांनी १८९५ मध्ये आणि इंग्लंडचे विल्यम विलेट यांनी १९०७ मध्ये ही सूचना मांडली. हडसन कीटक गोळा करणारे. कामावरून सुटल्यावर त्यांना उजेड हवा होता. विलेट बांधकाम व्यावसायिक. उन्हाळ्यातल्या सुंदर सकाळी लंडन झोपलेले पाहून ते हळहळत. कायद्यात ही कल्पना आणली युद्धाने: एप्रिल १९१६च्या अखेरीस जर्मनीने, मे महिन्यात ब्रिटनने, १९१८ मध्ये अमेरिकेने. कोळसा वाचवणे हा उघड हेतू होता.

लंडन एकावन्न अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे जूनचा सर्वांत मोठा दिवस साडेसोळा तासांहून मोठा आणि डिसेंबरचा सर्वांत लहान दिवस आठ तासांहून लहान. ग्रिनिच वेळेने जूनमध्ये पावणेचारला सूर्य उगवतो. पहाटेचा असा तीन-साडेतीन तासांचा उजेड लोक झोपलेले असताना वाया जातो. त्यातला तास उचलून संध्याकाळी ठेवला तर कोणाचे नुकसान होत नाही.

महाड अठरा अंशांवर. इथे सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, सर्वांत लहान अकरा तासांचा. सूर्योदय वर्षभरात सहा ते सात-दहा या सत्तरेक मिनिटांच्या पट्ट्यातच फिरतो. सूर्यास्त नोव्हेंबरअखेर सहाच्या ठोक्याला आणि जूनअखेर सव्वासातच्या जरा आधी. आणि सहा वाजता इथे झोपलेले कोण असते? पाणी भरून झालेले असते, चूल किंवा गॅस पेटलेला असतो, गोठ्यात धार काढून झालेली असते. बचत करायला पहाटेची शिल्लकच नाही. डेलाइट सेव्हिंगच्या विरोधातला हा माझ्या मते सर्वांत भक्कम मुद्दा आहे; पण तो फक्त ऋतूनुसार घड्याळ हलवण्याच्या विरोधात लागू पडतो. भारतातला वाद पुढे वेगळ्याच वाटेने गेला.

भारतात कोण काय म्हणते

आपल्याकडे प्रश्न उन्हाळा-हिवाळ्याचा कमी, पूर्व-पश्चिमेचा जास्त आहे. देश ६८ ते ९७ रेखांशांपर्यंत पसरला आहे, सुमारे एकोणतीस अंश. म्हणजे दोन टोकांच्या सूर्योदयांत जवळजवळ दोन तासांचे अंतर. अरुणाचलातल्या डोंग गावी जूनमध्ये चारच्या सुमारास सूर्य उगवतो आणि हिवाळ्यात साडेचारच्या आत मावळतो. तिथली तक्रार लंडनच्या विलेटसारखीच आहे आणि तितकीच खरी. आसामच्या चहामळ्यांत ब्रिटिश काळापासून ‘बागान टाइम’ चालतो, प्रमाणवेळेच्या तासभर पुढे. १९५१च्या मळा कामगार कायद्याने कामाचे तास स्थानिक पातळीवर ठरवायला मुभाही दिली होती. चित्रपट दिग्दर्शक जाह्नू बरुआ यांनी ईशान्येच्या स्वतंत्र वेळेसाठी वर्षानुवर्षे मोहीम चालवली. २०१४ मध्ये आसामचे तत्कालीन मुख्यमंत्री तरुण गोगोई यांनी राज्यभर बागान टाइम लावण्याचा मनोदय जाहीर केला. तो अमलात आला नाही. २०१७ मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाने स्वतंत्र वेळेसाठीची जनहित याचिका फेटाळली.

दोन वेळा कराव्यात या मताला शास्त्रीय बैठक दिली ती दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने. देशाची प्रमाणवेळ राखण्याचे काम याच संस्थेकडे आहे. तिच्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये लेख लिहून सुचवले की आसामच्या पश्चिम सीमेलगत रेषा ओढावी, तिच्या पश्चिमेला आजचीच साडेपाच तासांची वेळ, पूर्वेला साडेसहा तासांची. रेषा तिथे काढण्याचे कारण व्यवहारी आहे: तिथल्या चिंचोळ्या पट्टीत ही रेषा ओलांडणारे रेल्वेमार्ग थोडे, त्यामुळे वेळ बदलण्याचे काम एक-दोन स्थानकांवर आटोपते. या प्रस्तावात महाडला काहीच बदलत नाही. त्यामुळे इथे त्याला विरोधही नाही आणि उत्साहही नाही.

बेंगळुरूच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेतल्या दिलीप अहुजा, डी. पी. सेनगुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा प्रस्ताव मात्र थेट कोकणाच्या दारात येतो. त्यांचे म्हणणे असे: ऋतूनुसार घड्याळ हलवू नका, देश दोन वेळांत तोडू नका, साऱ्या देशाची वेळ कायमची अर्धा तास पुढे करा. विजेची सर्वाधिक मागणी तेव्हा संध्याकाळी दिवे लागताना येई. घड्याळ अर्धा तास पुढे असेल तर माणसे झोपी लवकर जातील, दिवे अर्धा तास कमी जळतील आणि मागणीचे शिखर उतरेल. वर्षाला सुमारे २.७ अब्ज युनिट वीज वाचेल, असा त्यांचा अंदाज. एकाच वेळेत राहिल्याने रेल्वेचा गोंधळ टळतो आणि ईशान्येला निदान अर्धा तास मिळतो. प्रस्तावाची मांडणी नेटकी आहे. पश्चिमेला उशिरा होणाऱ्या सकाळचा प्रश्न त्यांनी लपवलेलाही नाही. अर्धा तास सोसण्याजोगा आहे, असे त्यांचे मत.

केंद्र सरकारची भूमिका सातत्याने ‘आहे ते असू द्या’ अशी राहिली आहे. २००१ मध्ये विज्ञान व तंत्रज्ञान खात्याने अनेक वेळा आणि डेलाइट सेव्हिंग या दोन्हींचा विचार करायला समिती नेमली. तिचे निष्कर्ष २००४ मध्ये संसदेपुढे आले. देशाचा विस्तार वेगळ्या वेळा कराव्यात इतका मोठा नाही आणि रेखांश मध्यवर्ती निवडलेला आहे, असे सांगून बदलाची शिफारस टाळली गेली. रेल्वेची सुरक्षा, बँका, परीक्षा, प्रसारण यांतल्या घोटाळ्याची भीतीही वेळोवेळी मांडली गेली. जानेवारी २०२५ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने साऱ्या व्यवहारांत भारतीय प्रमाणवेळच वापरावी अशा नियमांचा मसुदा काढला, त्यातही कल एकाच वेळेकडे आहे.

या सगळ्यांच्या उलट दिशेने बोट दाखवणारा एक अभ्यास आहे, आणि कोकणासाठी तो महत्त्वाचा. अर्थशास्त्रज्ञ मौलिक जगनानी यांनी भारतातल्या सर्वेक्षणांच्या आधारे दाखवले की सूर्यास्त घड्याळात जितका उशिरा, तितकी मुले उशिरा झोपतात. शाळेची वेळ मात्र तीच राहते, म्हणून झोप कापली जाते. सूर्यास्त तासभर उशिरा असेल तर झोप साधारण अर्ध्या तासाने कमी, आणि त्याचा परिणाम शिक्षणाच्या वर्षांवरही दिसतो. गरीब घरांत हा परिणाम अधिक, कारण गरम, दाटीच्या खोलीत सूर्य मावळल्यावरच झोपेचे वातावरण होते. त्यांचा भर एका वेळेऐवजी दोन वेळा असाव्यात यावर आहे. पण त्यांचे आकडे पश्चिमेच्या माणसाने वाचले तर त्यातून निघते ते असे, की घड्याळ आणखी पुढे करू नका. अमेरिकेतल्या निद्रावैद्यकाच्या संघटनेनेही २०२० मध्ये बारमाही प्रमाणवेळेचीच बाजू घेतली आहे.

आपल्या अक्षांशावरचे प्रयोग

युरोप-अमेरिकेचे दाखले इथे फारसे उपयोगाचे नाहीत. वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात डेलाइट सेव्हिंगमुळे होणारी विजेची सरासरी बचत अर्ध्या टक्क्याहूनही कमी निघाली, आणि विषुववृत्ताकडे यावे तशी ती आणखी घटते. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात तर वीज थोडी जास्तच लागली: दिवे वाचले, पण वातानुकूलन वाढले. युरोपीय संसदेने २०१९ मध्ये घड्याळे हलवणे बंद करण्याच्या बाजूने मत दिले, अमेरिकेच्या सिनेटने २०२२ मध्ये उन्हाळी वेळ कायम करण्याचे विधेयक संमत केले. दोन्ही तिथेच अडकले.

जवळचे दाखले अधिक बोलके. श्रीलंकेची वेळ आपल्यासारखीच साडेपाच तासांची होती. १९९६च्या वीजटंचाईत त्यांनी ती मे महिन्यात एक तास पुढे केली, ऑक्टोबरमध्ये त्यातला अर्धा तास मागे घेतला आणि सुमारे दहा वर्षे सहा तासांच्या वेळेवर काढली. हा जवळजवळ अहुजा-सेनगुप्ता यांचाच प्रस्ताव. एप्रिल २००६ मध्ये देश पुन्हा साडेपाचवर आला. मुलांना अंधारात शाळेला निघावे लागते, ही त्यामागच्या तक्रारींपैकी एक होती. बांगलादेशाने जून २००९ मध्ये तास पुढे केला आणि वर्षअखेरीस मागे घेतला. पाकिस्तानने २००२, २००८ आणि २००९ मध्ये उन्हाळी वेळ लावून पाहिली आणि सोडून दिली. मेक्सिको सिटी जवळपास मुंबईच्याच अक्षांशावर. तिथे १९९६ पासून चालत आलेली उन्हाळी वेळ २०२२ मध्ये रद्द झाली.

मॉरिशसचा दाखला मराठी वाचकाला विशेष जवळचा, कारण तिथे एकोणिसाव्या शतकात गेलेल्या मराठी कुटुंबांची पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती आहे. बेट विसाव्या दक्षिण अक्षांशावर, म्हणजे विषुववृत्तापासून जवळपास महाडइतक्याच अंतरावर. १९८२-८३ मध्ये एकदा आणि ऑक्टोबर २००८ ते मार्च २००९ मध्ये दुसऱ्यांदा तिथे घड्याळे तासभर पुढे केली. दोन्ही वेळा एका उन्हाळ्यातच प्रयोग आटोपला.

यावरून ‘उष्ण कटिबंधात हे जमतच नाही’ असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. तो थोडा आवरावा लागतो. श्रीलंकेचे दहा वर्षांचे उदाहरण सांगते की माणसे सवय करून घेतात. आणि बांगलादेशात घड्याळ हिवाळा लागताच मागे न घेतल्याने त्रास वाढला होता, म्हणजे तो प्रयोग धडपणे झालाच नाही.

घड्याळाला हात न लावता

घड्याळ तेच ठेवून कामाच्या वेळा बदलाव्यात, ही आणखी एक वाट. महाराष्ट्रात ती इतकी अंगवळणी पडली आहे की तिला कोणी धोरण म्हणत नाही. मार्च उजाडला की जिल्हा परिषदेच्या शाळा सकाळच्या होतात. सात ते अकराच्या आसपास शाळा, दुपारचे ऊन घरात. डेलाइट सेव्हिंगचा जो उद्देश, उन्हाळ्यात दिवसाचा व्यवहार लवकर सुरू करणे, तो इथे एका परिपत्रकात साधतो. आता यावर तासभराची उन्हाळी वेळ लादली तर काय होईल पाहा: एप्रिलमध्ये महाडचा सूर्योदय सव्वासहाच्या ऐवजी सव्वासातला होईल आणि सातची शाळा उगवतीच्या आधी भरेल. मग शाळा पुन्हा आठला न्यावी लागेल. दोन उपाय एकमेकांना खोडून काढतात.

उलट दिशेचा निर्णयही राज्याने घेतला आहे. तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये मुलांच्या अपुऱ्या झोपेचा मुद्दा मांडला. फेब्रुवारी २०२४ मध्ये शालेय शिक्षण विभागाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा शासन निर्णय काढला. दोन सत्रांत चालणाऱ्या शाळा आणि स्कूलबसवाले यांनी अडचणी सांगितल्या. ती मुख्यतः शहरांची अडचण. पोलादपूरच्या वाडीतली प्राथमिक शाळा एरवी साडेदहाच्या सुमारासच भरते. पण या निर्णयामागचा विचार डेलाइट सेव्हिंगच्या नेमका विरुद्ध आहे, हे चर्चेत फारसे कोणी बोलले नाही.

पंजाब सरकारने २०२३ मध्ये २ मे ते १५ जुलै कचेऱ्या साडेसात ते दोन अशा चालवल्या, उद्देश दुपारच्या विजेची मागणी कमी करण्याचा. या वाटेचे दोष उघड आहेत. शाळेची वेळ बदलली आणि एसटीची बदलली नाही, तर मूल फाट्यावर ताटकळते. कचेरी लवकर उघडली आणि बँक उशिरा, तर माणसाची तालुक्याला खेप वाढते. घड्याळ बदलले तर निदान सगळे एकदम बदलते, हा डेलाइट सेव्हिंगवाल्यांचा युक्तिवाद इथे रास्त ठरतो.

महाड-पोलादपूरच्या तराजूत

वेगवेगळ्या प्रस्तावांचे इथले परिणाम मांडून पाहू. अर्धा तास कायमचा पुढे: जानेवारीत सूर्योदय सात चाळीसला, सूर्यास्त सहा पन्नासला, जूनमध्ये साडेसहा आणि पावणेआठ. तास पुढे, युद्धकाळासारखा बारमाही: जानेवारीत उदय आठ-दहाला. तास पुढे, पण फक्त उन्हाळ्यात: जूनमध्ये उदय सातला, अस्त सव्वाआठच्या आसपास, हिवाळा आजच्यासारखा.

शेवटचा पर्याय कागदावर सर्वांत निरुपद्रवी वाटतो. पण कोकणातला उन्हाळा म्हणजे मे महिन्याची घामाची संध्याकाळ, जिथे लोक सूर्य बुडायची वाट पाहत असतात. आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून पावसाचा काळोख, जिथे दिवस मोठा असून दिवा चार वाजताच लावावा लागतो. संध्याकाळी बागेत फिरायला मिळणारा जास्तीचा तास ही इंग्लंडची चैन आहे. आवण काढणे, लावणी, पुढे झोडणी ही कामे पावसावर आणि उजेडावर चालतात. शेतकरी घड्याळाकडे बघत नाही. तरी मजूर, दूध, बाजार आणि गाडी घड्याळावर चालतात, त्यामुळे शेतीला फरक पडणार नाही हेही अर्धेच खरे.

नफ्याची बाजूही आहे. हिवाळ्यात एमआयडीसीतून किंवा कॉलेजातून सुटून पोलादपूरच्या वरच्या गावांत परतणाऱ्यांना आंबेनळी घाटाच्या बाजूची वाट अंधारात चढावी लागते. अर्धा तास उजेड जास्त मिळाला तर त्यांना हवाच आहे, विशेषतः मुलींच्या घरच्यांना. दुकानदारांनाही संध्याकाळ मोठी झालेली चालेल. नोव्हेंबरअखेर सहालाच अंधार पडतो तेव्हा ‘घड्याळ पुढे करा’ म्हणणारा माणूस मूर्ख नसतो. फक्त त्याच माणसाच्या घरातून सकाळी सहाला कोणीतरी बाहेर पडणारे असते.

नमाजाच्या वेळा, पंचांगातले मुहूर्त, एकादशीचा उदयकाल या सगळ्या सूर्याशी बांधलेल्या गोष्टी. घड्याळ हलले तर त्यांचे आकडे हलतील, सूर्य हलणार नाही. पंचांगे स्थानिक उदयाचा फरक आजही काढतातच. त्यामुळे हा विरोधाचा मोठा मुद्दा होत नाही. घड्याळ वर्षातून दोनदा हलवण्याचा अनुभव मात्र इथल्या अनेक घरांना दुरून आहे. कुवेत-दुबईला असलेल्या नातलगाला फोन लावायची वेळ बारा महिने तीच, कारण आखातात उन्हाळी वेळ नाही. लंडनच्या मुलाशी मात्र मार्चअखेर साडेपाच तासांचे अंतर साडेचारवर येते, आणि न्यू जर्सीवाल्याशी साडेदहाचे साडेनऊवर, तेही लंडनच्या आधी दोन-तीन आठवडे. पुण्यातल्या आयटी कंपन्यांत पाळीच्या वेळा या तारखांनुसार सरकतात.

न सुटलेले

सर्वांत मोठी अनिश्चितता विजेची. २.७ अब्ज युनिटांचा अंदाज बांधला गेला तेव्हा संध्याकाळचे शिखर मुख्यतः दिव्यांचे होते आणि महाराष्ट्र भारनियमनात होरपळत होता. त्यानंतर २०१५ पासून ‘उजाला’ योजनेतून एलईडी दिवे घरोघर गेले. साठ वॉटच्या बल्बच्या जागी नऊ वॉटचा दिवा आला. अर्धा तास दिवा कमी जळण्याची किंमत त्या प्रमाणात घसरली. पंखे, फ्रिज, एसी यांचा वाटा वाढला, आणि ते उजेडावर चालत नाहीत, उकाड्यावर चालतात.

त्याच वेळी सौरऊर्जेने हिशेबाची दिशाच फिरवली. दिवसा वीज मुबलक, सूर्य मावळताना एकदम टंचाई. १,९६० मेगावॉटचा कोयना प्रकल्प नेमका अशा शिखरासाठी राखून चालवला जातो, आणि कोयनेचे पाणी पाणीवाटप लवादाच्या निवाड्यानुसार मोजूनमापून मिळते. घड्याळ पुढे गेले तर संध्याकाळची काही मागणी सूर्य असतानाच उरकेल, हा डेलाइट सेव्हिंगच्या बाजूचा नवा आणि ताजा मुद्दा आहे. त्याला उत्तर म्हणून वीजदर पुढे केले जातात: केंद्राच्या २०२३च्या नियमांनी दिवसा स्वस्त आणि शिखरकाळात महाग वीज असा टीओडी दर टप्प्याटप्प्याने लागू केला, आणि एमआयडीसीतल्या कारखान्यांना तो आधीपासूनच परिचयाचा. दरांनी मागणी सरकत असेल तर घड्याळाला हात लावायची गरज उरत नाही. कोणता उपाय किती सरकवतो, याची तुलना एलईडी आणि सौर या दोन्ही गोष्टी धरून नव्याने करावी लागेल.

झोपेचा प्रश्नही अर्धाच तपासला गेला आहे. जगनानींचा अभ्यास देशभराच्या सरासरीवर आहे. डोंगराच्या सावलीतल्या गावात सकाळचे ऊन उशिरा आणि पश्चिमेची बाजूही डोंगरानेच झाकलेली असेल, तर संध्याकाळही लवकर होते. अशा खोऱ्यातल्या मुलाची झोप कोणत्या सूर्यास्ताने ठरते, पंचांगातल्या की समोरच्या कड्याच्या? आणि हातात मोबाइल आल्यावर सूर्यास्ताचा झोपेवर किती ताबा उरला?

शेवटी अधिकाराचा प्रश्न. प्रमाणवेळ केंद्राच्या हाती आहे. शाळा, कचेऱ्या आणि एसटीच्या वेळा राज्याच्या. पाळ्यांच्या वेळा कारखान्यांच्या. आसामच्या २०१४च्या घोषणेने दाखवले की राज्याने मनात आणले तरी घड्याळ हलत नाही. महाराष्ट्राने मात्र २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या मुलांची सकाळ हलवून दाखवली. पाचवीच्या पुढच्या मुलांना, ज्यांची माध्यमिक शाळा बहुधा दूरच्या मोठ्या गावात असते आणि जी पहिल्या एसटीने तिथे पोचतात, तो निर्णय लागू नाही.